दहातले सहा

दुकानातला रेनार्स म्हणाला, दोन खणांचा डबा पुरे होईल.
आइवर्स म्हणाला, चार.
मी किंमत बघत होते. बाहेर
लिएपायाचा वारा ट्रामच्या तारा हलवत होता,
नेहमीसारखा, कुणाचं न ऐकता.

चार, कारण घरातून डिस्कही चारच निघाल्या:
माझी चार टेराबाइटची, तिच्यात गायनवृंदाची एकवीस वर्षं;
त्याची तीनची, पहिल्या संसारातून आलेली;
दोनची त्याच्या मुलाची, खेळून खेळून तापलेली;
आणि एक टेराबाइटची, तीही माझी,
सुरू होताना भातात खडा लागावा तसा आवाज करणारी.

"सगळ्या सारख्या घ्या," रेनार्स म्हणाला. "नव्या.
अशा मिसळल्या तर जी सगळ्यात लहान
तिच्याच मापानं बाकीच्या मोजल्या जातात.
उरलेली जागा फुकट."
आइवर्सनं माझ्याकडे बघितलं.
आम्ही पन्नाशीनंतर एका घरात आलेले,
दोन किटल्या, दोन इस्त्र्या, एक मांजर.
असे सल्ले आम्हाला नवे नव्हते.

मग तोच जरा ओशाळून म्हणाला,
तसा एक प्रकार आहे, तुकडे पाडून जुळवून घेणारा.
त्यात सगळ्यात मोठीएवढी जागा तेवढी बाजूला ठेवायची,
एखादी मेली तर तिचं पुन्हा उभं करायला.
मी पावतीच्या पाठीवर मांडलं.
चार, तीन, दोन, एक.
दहातले चार गेले.
दहा द्यायचे आणि सहा पदरात घ्यायचे:
आईनं कपाळावर हात मारला असता.
पण आईची सगळी पुंजी एकाच बँकेत होती
आणि ती बँक एका मंगळवारी उघडलीच नाही.
घेतला डबा.

एक गोष्ट मात्र रेनार्सनं सांगितली नव्हती, ती घरी कळली.
आत जाणारी प्रत्येक डिस्क आधी कोरी होते.
म्हणजे आधी सगळं दुसरीकडे हलवायचं.
वरच्या मजल्यावरच्या स्काईद्रितेकडे गेले,
विरजण मागायला जावं तशी,
आणि तिची आठ टेराबाइटची डिस्क टॉवेलात गुंडाळून आणली.
त्या रात्री आमचं सगळं, त्याचं आणि माझं,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर उसन्या डब्यात होतं.
मांजराला बाहेर कोंडलं.
आइवर्स दोनदा उठून बघून आला. मी तीनदा.

आता तो डबा कोटांच्या खुंट्यांखाली असतो,
ओल्या बुटांपासून हातभर लांब.
घुमतो. खडा चावणारी अजून खडा चावते.

पण दुधानं तोंड पोळलेला माणूस, रविवारी म्हणाला,
परीक्षा घेऊ.
आणि चालू असतानाच आपली तीनची ओढून काढली.
दिवा नारिंगी झाला. डबा असा किंचाळला
की मांजर कपाटावर.
"आता काहीतरी उघड," म्हणाला. "जुनं."

मी जे उघडलं त्यात समुद्र गोठलेला होता
आणि माइरिता, त्याची पहिली बायको,
बर्फावर पाय घसरून बसलेली, हसत होती.
वेंट्सपिल्सला राहते ती, ठणठणीत आहे,
नाताळला आम्हाला धुरावलेले मासे पाठवते.
हसणं कुठेही अडकलं नाही.
तिसरी डिस्क आइवर्सच्या हातात होती, अजून कोमट,
तिच्यावरचा हसण्याचा जो भाग होता
तो उरलेल्या तिघी हिशेब करून भरत होत्या:
मुलाची, आणि माझ्या दोघी.
माझी खडा चावणारीसुद्धा.

मला मत्सर वाटायला हवा होता का, कोण जाणे.
मला आधी वाटलं ते असं, की चालतंय.
मग वाटलं, हसते छान.

त्यानं डिस्क परत खणात ढकलली.
पुन्हा जुळायला अकरा तास लागतील, असं पडद्यावर आलं.
मी भांडी घासायला घेतली
आणि म्हटलं, दुसरी इस्त्री कुणाला देऊन टाकायची
तेही आज ठरवू.
तो म्हणाला, राहू दे गं.
एखादी बिघडली तर.